कमी खर्चातलं समुपदेशन आणि त्यामागची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक, साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करून घेणाऱ्या गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेबद्दल काही लिहिलं की पुढचे आठ-दहा दिवस मेसेज येत राहतात, आणि त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. हे लोक कोण? शिकलेले किती? पैसे कोण देतं? आपली गोष्ट बाहेर तर जाणार नाही? एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी संस्थेची प्रतिनिधी नाही. हे काम बाहेरून बघणारी, त्यावरचे अहवाल आणि शोधनिबंध वाचणारी आहे. उत्तरं त्याच नजरेने वाचावीत.

१. ‘संगाथ’ म्हणजे काय आणि ती कुणी उभी केली?

ही गोव्यातली सेवाभावी संस्था १९९६ साली सुरू झाली. पर्वरी हा तिचा मूळ पत्ता. संस्थापकांपैकी सगळ्यांना माहीत असलेलं नाव डॉ. विक्रम पटेल यांचं. मूळचे मुंबईचे हे मनोविकारतज्ज्ञ नव्वदच्या दशकात झिंबाब्वेत, हरारे शहरात काम करत होते. त्या अख्ख्या देशात तेव्हा मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतकेच होते. तज्ज्ञांची वाट बघत बसलं तर बहुतेकांना उपचार मिळणारच नाहीत, हे तिथे त्यांना दिसलं आणि पुढे गोव्यातल्या कामाची दिशा त्यातूनच ठरली. सुरुवातीला संगाथचं लक्ष मुलांचा विकास आणि कुटुंबांचे प्रश्न यांवर होतं. मोठ्या माणसांमधलं नैराश्य आणि दारू हे विषय नंतर आले आणि संस्थेचं नाव जगभर गेलं ते या विषयांमुळे.

मात्र पटेल म्हणजे संगाथ, असं समीकरण मांडू नका. प्रत्यक्ष खुर्चीत बसून ऐकणारी माणसं वेगळी आहेत. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

२. समोर बसून ऐकणारी ही माणसं कोण? डॉक्टर आहेत का?

नाहीत. नैराश्य आणि दारू यांवरच्या संगाथच्या ‘प्रीमियम’ या संशोधन प्रकल्पासाठी समुपदेशक निवडताना अटी साध्या होत्या: वय १८ च्या वर, शिक्षण किमान दहावी, माणूस स्थानिक, आणि मानसिक आरोग्याचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण न घेतलेला. शेवटची अट वाचून लोक दचकतात. ती मुद्दामच घातली होती. अशी व्यक्ती हे काम नीट करू शकते का, हाच तर प्रयोगाचा विषय होता.

असा प्रयोग करावा लागला कारण आपल्याकडे तज्ज्ञच पुरेसे नाहीत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे सर्रास आढळणारे विकार असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, आकडा ०.७५ च्या आसपास सांगितला जातो. आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत.

३. दहावी शिकलेल्या माणसाला तीन आठवडे शिकवलं की तो समुपदेशक होतो?

तीन आठवडे ही फक्त वर्गातली शिकवणी. त्यानंतर सुमारे सहा महिने उमेदवारी असते. म्हणजे खऱ्या रुग्णांसोबत बसायचं, पण देखरेखीखाली, आणि प्रत्येक बैठकीचा हिशेब द्यायचा. त्यातून ठरलेल्या पातळीला पोचलेल्यांनाच पुढे घेतात.

यांना ‘मन’ हा अख्खा विषय शिकवलेला नसतो, हेही लक्षात घ्या. एका विशिष्ट त्रासासाठी ठरलेली पद्धत शिकवतात, तीही पुस्तिकेतून, पायरीपायरीने. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका, प्रत्येकी साधारण अर्धा-पाऊण तास. दारूसाठी जास्तीत जास्त चार. रोगनिदान करणं, औषध देणं किंवा बंद करायला सांगणं यांच्या कामात बसत नाही. स्वतःला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेणं तर मुळीच नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

४. आणि त्यांचं चुकलं तर? कोण बघतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

रुग्णाच्या संमतीने बैठकांचं ध्वनिमुद्रण होतं. आठवड्यातून एकदा समुपदेशक एकत्र बसतात. काढलेल्या मुद्रणांपैकी एक लावतात आणि सगळे ते ऐकतात. ज्याची बैठक आहे तोही तिथेच असतो. मग प्रत्येक जण स्वतंत्रपणे, शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता, ठरलेल्या मापनपट्टीवर गुण देतो. ऐकून घेतलं की मध्येच तोडलं? सल्ला लादला की विचारत विचारत पुढे नेलं? मागच्या वेळी ठरवलेलं काम झालं का, हे विचारलं का? नंतर गुण ताडून बघायचे आणि फरक कुठे पडला त्यावर बोलायचं. याशिवाय महिन्यातून दोनदा एकेकट्याची देखरेख-बैठक.

सुरुवातीला हे गट तज्ज्ञ चालवत. हळूहळू गट समुपदेशकांच्याच हाती दिले. मग तपासून पाहिलं की समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळतात का. बऱ्यापैकी जुळले. माझ्या मते संगाथच्या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि बातम्यांत ती कधीच येत नाही. बातमीत येते ती ‘गावातल्या ताईंनी दिला आधार’ ही ओळ आणि साडीतला हसरा फोटो.

आता दुसरी बाजू बघा. खासगी दवाखान्यात तासाला दीड-दोन हजार रुपये मोजून आपण ज्या तज्ज्ञाकडे जातो, त्यांची बैठक शेवटची कुणी ऐकली होती? चांगले तज्ज्ञ स्वतःहून ज्येष्ठांकडे जाऊन आपल्या केसेसवर चर्चा करतात. पण ते त्यांच्या इच्छेवर असतं. संगाथच्या पद्धतीत त्यातून सुटका नाही. म्हणून स्वस्त समुपदेशनाबद्दल कुणी विचारलं की मी ‘ताई किती शिकलेल्या आहेत’ याआधी ‘ताईंचं काम कोण ऐकतं’ हे विचारायला सांगते.

५. पण बोलून काय होणार? एका बैठकीत नेमकं घडतं तरी काय?

एक बनवलेलं उदाहरण घेऊ; पद्धत मात्र खरी आहे.

बार्देशातली पन्नाशीची बाई. अंग दुखतं, झोप नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. डॉक्टरांना भेटण्याआधी तिला नऊ प्रश्न विचारले जातात. ही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? उत्तरांना शून्य ते तीन गुण, एकूण २७ पैकी. बाईंना १७ मिळतात. पंधराच्या पुढे म्हणजे त्रास चांगलाच आहे.

समुपदेशक तिला ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं सांगून सुरुवात करत नाही.

“मावशी, काल संध्याकाळी पाच वाजता काय करत होता?”

“पडून होते गो. आणि काय करणार?”

“आणि वर्षभरापूर्वी याच वेळी?”

तेव्हा मावशी शेजारणीबरोबर देवळापर्यंत जायच्या, शुक्रवारी भजनाला बसायच्या. गुडघा दुखायला लागला, मुलगा दुबईला गेला, एकेक गोष्ट सुटत गेली. उदास वाटतं म्हणून माणूस पडून राहतो आणि पडून राहिल्याने आणखी उदास वाटतं. हे चक्र कागदावर काढून दाखवतात. मग ते कुठून तोडायचं ते दोघी मिळून ठरवतात. देवळापर्यंत जमणार नाही? बरं, शेजारणीच्या ओट्यापर्यंत. कुठल्या दिवशी? किती वाजता? शेजारीण घरी नसेल तर काय करायचं? हे सगळं तक्त्यावर लिहायचं आणि त्या त्या दिवशी मन कसं होतं तेही समोर मांडायचं. लिहिता येत नसेल तर खुणा करायच्या.

पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न: ओट्यापर्यंत गेलात का? नसाल गेला तर त्यावर टोमणा नाही, काय आडवं आलं ते शोधायचं. पीएचक्यू-९ पुन्हा भरायची. आकडा खाली येतोय की नाही हे समुपदेशकाला आणि मावशींनाही कळलं पाहिजे.

पाश्चात्त्य मानसोपचारात या पद्धतीला ‘बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. संगाथने तिची गोव्यासाठी केलेली आवृत्ती म्हणजे ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’. बालपणात खोल शिरणं, स्वप्नांचा अर्थ लावणं यातलं काही नाही. काहींना हे फार साधं वाटतं. साधं आहेच, म्हणून तर ते शिकवता येतं.

६. याने फरक पडतो याला पुरावा आहे का, की हे अनुभवाचे बोल?

पुरावा आहे आणि कडक कसोटीचा आहे. वरच्या कार्यक्रमाची चाचणी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. मध्यमाहून जास्त ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण सोडत पद्धतीने दोन गटांत विभागले. दोन्ही गटांत डॉक्टरांना रुग्णाच्या प्रश्नावलीचा निकाल कळवला होता. एका गटाला त्याशिवाय समुपदेशन मिळालं. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. वर्षभरानंतरच्या पाहणीतही फायदा टिकलेला होता.

आता हेच आकडे उलटे वाचा. समुपदेशन मिळूनही शंभरातले ३६ जण तीन महिन्यांत बरे झाले नव्हते. त्यांना पुढची पायरी लागते, औषध किंवा तज्ज्ञ. ज्या संस्थेला असे लोक दिसतच नाहीत, तिच्यापासून चार हात लांब राहा.

संगाथचा याआधीचा मोठा प्रयोग ‘मानस’, २०१० चा. त्यात सरकारी केंद्रांत चांगला परिणाम दिसला, खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत समुपदेशनामुळे विशेष फरक दिसला नाही. हा निकालही त्यांनी लपवला नाही.

७. फुकट किंवा नाममात्र शुल्कात हे परवडतं कसं? पैसे येतात कुठून?

संशोधनाचे पैसे बहुतेक अनुदानांतून. ‘प्रीमियम’ला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा निधी होता. बाकी देणग्या, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि सरकारशी भागीदारी. जागा आरोग्य केंद्राची असेल तर भाडं वाचतं, पण मग लसीकरणाच्या दिवशी खोली रिकामी मिळत नाही आणि बैठक कुठे घ्यायची हा प्रश्न उरतो. रुग्णाच्या घरी जाऊन किंवा फोनवर बैठका घेण्याची सोय त्यामुळेच ठेवावी लागते.

यातली दुखरी जागा सांगते. अनुदान प्रकल्पाला मिळतं, प्रकल्प तीन-पाच वर्षांचा असतो. तो संपला की आरोग्य केंद्रातली ती खुर्ची पुन्हा रिकामी. हे काम सरकारी व्यवस्थेत कायमचं बसवायचा प्रयत्न संगाथने मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात केला. तिथे आशा कार्यकर्तींना स्मार्टफोनवरून हेच प्रशिक्षण देण्याचा प्रयोग झाला.

शुल्काबाबत आणखी एक. फी शून्य असली तरी बसभाडं आणि बुडालेली मजुरी शून्य नसते. हरारेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आज्यांना बसवून समुपदेशन सुरू केलं. त्याआधी त्यांनी एक तरुण रुग्ण गमावली होती, कारण रुग्णालयापर्यंत यायला घरच्यांकडे बसचे पैसे नव्हते. ‘परवडणारं’ हा शब्द वापरताना अंतर आधी मोजावं.

८. समुपदेशकांना पगार असतो की ही सेवा?

दोन्ही नमुने आहेत. संगाथच्या प्रकल्पांत समुपदेशक हे पगारी कर्मचारी. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचा ‘आत्मीयता’ हा उपक्रम मात्र गावातल्या स्वयंसेवकांवर चालतो (प्रश्न ९ पाहा). त्यांच्यावर देखरेख करणारे कार्यकर्ते पगारी असतात.

माझं मत विचाराल तर आठवड्यात पाच दिवस दुसऱ्यांचं दुःख ऐकायचं काम फुकट करून घेऊ नये. आपल्याकडे ‘सेवा’ म्हटलं की मानधन मागणारी बाई लोभी ठरते. पगार असला की संस्थेला कामाचा जाब विचारता येतो, आणि बाईला घरी सांगता येतं की मी नोकरीला चालले आहे. दुसऱ्या मुद्द्याचं वजन सासरी नांदणाऱ्या बायकांना विचारा.

९. महाराष्ट्रात असं काही आहे का?

आहे, पण प्रत्येकाची जात वेगळी.

‘आत्मीयता’ची सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातली. गावातल्याच विश्वासू माणसांना निवडून प्रशिक्षण द्यायचं. ते त्रासातल्या माणसाशी चार-सहा वेळा बोलतात, गंभीर आजार दिसला तर सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात, आणि निराधार योजना किंवा अपंगत्व प्रमाणपत्रासारख्या गोष्टी मिळवून द्यायलाही मदत करतात. हा शेवटचा भाग मला फार पटतो. रेशन बंद पडल्यामुळे जो खचलाय त्याला नुसते श्वासाचे व्यायाम काय कामाचे? पुढे हा उपक्रम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला गेला.

ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केली. तिथे तज्ज्ञांच्या जोडीला प्रशिक्षित स्वयंसेवकही काम करतात. (गोव्यातल्या दारूविषयक कार्यक्रमामागचे संशोधक डॉ. अभिजित नाडकर्णी वेगळे. मेसेजांत दोघांची हमखास अदलाबदल होते.)

पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये डॉ. अनिता उर्फ सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. ते निवासी व्यसनमुक्ती केंद्र, तेव्हा खुर्चीतल्या समुपदेशनाशी त्याची थेट तुलना होत नाही. पण ‘माणसं कोण’ या प्रश्नाला तिथलं उत्तर विलक्षण आहे: स्वतः व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले.

आणि कुठेच जाणं शक्य नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

१०. समुपदेशक गावातलीच असेल तर माझी गोष्ट चावडीवर जाणार नाही कशावरून?

भीती रास्त आहे, विशेषतः लहान गावात. प्रशिक्षणात गोपनीयतेवर भर असतोच. शिवाय नात्यातली किंवा शेजारची केस आली तर ती दुसऱ्या समुपदेशकाकडे द्यायची, असा चांगल्या संस्थांचा शिरस्ता असतो. तुम्हीही तसं सांगू शकता. कारण द्यायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हाही उपचारांच्या माहितीबाबत गोपनीयतेचा हक्क देतो.

दोन ठिकाणी मात्र गोपनीयता संपते. जिवाला धोका दिसला तर (प्रश्न ११), आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. ‘कुणाला सांगू नका ना ताई’ म्हटलं तरी. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगणारी समुपदेशक भरवशाची समजा.

बैठकीच्या ध्वनिमुद्रणाबद्दलही काही जण विचारतात. संमतीशिवाय मुद्रण नाही, आणि नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबता कामा नयेत.

११. कुणी जीव द्यायच्या गोष्टी केल्या तर दहावी शिकलेली समुपदेशक काय करणार?

आधी ती थेट विचारते. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न नेमका याबद्दलच आहे. विचारल्याने मनात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. विचार आहेत, की ठरवलंही आहे? साधन हाताशी आहे का? घरात कीटकनाशकाचा डबा आहे का, तो कुठे ठेवला आहे? उत्तरांवरून धोका जास्त वाटला तर तिने एकटीने निर्णय घ्यायचा नसतो. तिथूनच वरिष्ठांना फोन, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कळवणं, घरच्या एकाला विश्वासात घेणं, आणि माणसाला एकटं न सोडणं.

‘पोलीस केस होईल’ या धाकाने अजूनही लोक प्रयत्न लपवतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही.

हे वाचताना तुमच्याच मनात असं काही चालू असेल तर पुढचे प्रश्न राहू द्या. आत्ता १४४१६ लावा, किंवा घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घ्या.

१२. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांऐवजी हे चालेल का?

औषधांऐवजी नाही. औषधांच्या जोडीला उपयोग होऊ शकतो. ‘कोप्सी’ नावाची एक चाचणी तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात झाली. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था त्यात होती. गावपातळीच्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन औषधं नियमित घेण्यासाठी, कामाला लागण्यासाठी आणि कुटुंबाला आधार देण्यासाठी मदत केली. निकाल २०१४ मध्ये आला: फायदा झाला, पण माफक. बायपोलर आजारासाठीही हेच उत्तर. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगणारा समुपदेशक कितीही गोड बोलणारा असो, तिथून उठा.

१३. नवरा पितो, पण यायला तयार नाही. मी एकटी गेले तर चालेल?

चालेल, जरूर जा. पण तो तुमच्या त्रासासाठीचा आधार असेल, त्याचे उपचार नसतील.

संगाथचा दारूसाठीचा कार्यक्रम आरोग्य केंद्रात दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या पुरुषांना गाठतो. अंगदुखी, ॲसिडिटी, बीपी. तिथे प्रश्नावली भरून घेतात आणि जो प्रमाणाबाहेर पितो त्याच्याशी बोलणं सुरू करतात. उपदेश नाही. ‘दारूमुळे तुमचं काय काय चाललंय आणि काय बिघडलंय’ ते त्याच्याच तोंडून काढायचं, आग्रह कसा मोडायचा याचा सराव करून घ्यायचा, तो हो म्हणाला तर घरच्या कुणाला तरी सोबत घ्यायचं. चाचणीत तीन महिन्यांनी, मागच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले ४२ टक्के होते. ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात १८ टक्के. तेव्हा त्याला ‘समुपदेशनाला चल’ न म्हणता ‘बीपी तपासून येऊ’ म्हणून नेणं जास्त सोपं पडेल.

सावधगिरी एकच, पण मोठी. सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात, अशी अवस्था असेल तर एकदम बंद करायला लावू नका. त्यातून फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्रच.

१४. मला हे काम करायचंय. मी स्वतः डिप्रेशनमधून गेले आहे, अडचण येईल का?

नाही. तो अनुभव उपयोगी पडू शकतो. फक्त समोरचीची गोष्ट ऐकताना ‘माझंही असंच होतं’ करत स्वतःची गोष्ट लावून बसायचं नाही, आणि हे सोपं नाही. स्वतःचे उपचार चालू असतील तर ते संस्थेला सांगा.

निवडीत पदवीपेक्षा ऐकण्याची सवय बघतात. सल्ले द्यायची खोड असलेली माणसं इथे लवकर गळतात. मुलाखतीत एखादी अडचण रंगवून सांगतात आणि तुम्ही काय बोलता ते बघतात. पहिल्या दोन मिनिटांत ‘तुम्ही असं करा’ आलं, की गुण गेले. शिक्षिका, कीर्तनकार आणि घरातल्या थोरल्या वहिनी, सगळ्यांनी जपून.

१५. रोज दुःख ऐकून हे लोक थकत नाहीत का?

थकतात. झोप उडते, घरी चिडचिड होते, एखाद्या रुग्णाने जिवाचं बरंवाईट केलं तर महिनोन्‌महिने अपराधी वाटत राहतं. प्रश्न ४ मधला साप्ताहिक गट इथेही कामी येतो, कारण तिथे गुणांबरोबर मनावरचं ओझंही उतरवता येतं. दिवसाला किती बैठका घ्यायच्या यावर मर्यादा आणि हक्काची रजा, हे दोन्ही संस्थेने पाळायला हवं.

१६. समुपदेशक बाईच हवी, किंवा कोंकणी-मराठीतच बोलायचंय, असं सांगता येतं?

हो, निःसंकोच सांगा. उपलब्ध असेल तर देतात.

१७. आमच्या शहरात एक ट्रस्ट शंभर रुपयांत समुपदेशन करतो. तो खरा कसा ओळखायचा?

शंभर रुपयांवरून काहीच कळत नाही. फोन करून विचारा: समुपदेशकांना प्रशिक्षण कुणी दिलं? त्यांच्या कामावर देखरेख कोण करतं, किती दिवसांनी? गंभीर रुग्ण आला तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता? तक्रार कुणाकडे करायची? दुसऱ्या प्रश्नावर ‘आमच्या मॅडम खूप अनुभवी आहेत’ एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या. नोंदणी क्रमांक आणि वार्षिक अहवाल मागितल्यावर राग येता कामा नये. ‘शंभर टक्के बरे करू’ म्हणणारे, पत्रिका मागणारे आणि पहिल्याच दिवशी वीस बैठकांचं पॅकेज विकणारे, या तिघांना एकाच नमस्कारात निरोप द्या.

१८. आम्ही अमेरिकेत असतो. अशा संस्थेला देणगी पाठवायची आहे, काही अडचण?

तुमचा पासपोर्ट कुठला आहे त्यावर अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मदत धरली जात नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागेल, ती द्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी मदतच ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांबाबतच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. ‘माझ्या आईच्या खात्यात टाकतो, ती तिथून देईल’ हा मार्ग घेऊ नका. त्यात अडचणीत येते ती संस्था. आणि देणगीसोबत ‘फक्त रुग्णांसाठीच वापरा, पगारावर नको’ अशी चिठ्ठी जोडायचा मोह झाला तर आधी प्रश्न ८ वाचा.